वांग्याच्या पानाखालचा राखणदार

माणच्या शिवारात आता पूर्वीइतकी शेती उरलेली नाही. हिंजवडीकडून संगणक कंपन्यांच्या इमारती गावच्या हद्दीत आल्या, रस्ते झाले, बांधकामे वाढली. अशा ठिकाणी ज्याने भाजीचा तुकडा राखला आहे, त्याने पानावरच्या धुळीकडे अवश्य लक्ष द्यावे. धूळ बसलेल्या झाडावर लाल कोळी फार माजतो.

हा घरात जाळे विणणारा कोळी नव्हे. त्याचा दूरचा भाऊबंद म्हणा. पाय आठ, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. वांगी-भेंडीच्या पानाखाली बसून तो रस शोषतो. आधी पांढुरके ठिपके दिसतात, मग पान पिवळे पडते, शेवटी बारीक जाळी धरते. कडक उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. म्हणून बघता बघता वाफा हातचा जातो.

पण त्याचा वैरीही त्याच पानाखाली असतो. हा ढालकिड्यांच्या कुळातला, रंगाने काळा, मोहरीच्या दाण्याएवढा. शास्त्रज्ञ त्याला स्टेथोरस म्हणतात. मादी कोळ्यांच्या घोळक्यातच अंडी घालते. काळपट अळी कोळ्यांवरच वाढते, आणि मोठा किडा रोज ३० ते ६० कोळी फस्त करतो.

ढालकिड्यांचा हा गुण जुनाच आहे. १८८८ साली खवले किडीने कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा बुडू लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून ढालकिडे आणूनच त्या वाचवल्या.

तुम्ही म्हणाल, राखणदार असून पीक का जाते? अहो, त्याला आपणच मारतो! सरसकट जहाल औषध मारले की ढालकिडा आधी मरतो. कोळी मात्र औषधाला सरावतो आणि पुन्हा उसळतो.

तेव्हा फवारणीआधी पान उलटून भिंगातून बघा. काळे ठिपके चालताना दिसले तर थोडे थांबा. कोळी दिसण्याआधीच अधूनमधून सकाळी पाण्याने पाने धुवा. औषध लागलेच, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून खास कोळ्याचेच घ्या.

एक सावधगिरी मात्र ठेवा. अंगावर २८ ठिपके असलेला तांबूस ढालकिडा वांग्याची पानेच कुरतडतो. तो मित्र नव्हे. कुळ एकच, पण एक राखतो आणि दुसरा खातो. ओळख पटवून घेणे आपल्या हाती आहे.