गावातली शिळा आणि एक प्रश्न



सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं एक छोटं गाव आहे. सगळे त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारलं. आजही या गावातली मुलं सैन्यात जातात.

मी वर्गात हे सांगितलं आणि फळ्यावर ४६ हा आकडा लिहिला. आमच्या वर्गाचा पट २३. एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, म्हणजे आपल्यासारखे दोन वर्ग!" सगळे गप्प झाले. मग मागून प्रश्न आला, "त्यांची नावं काय होती?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता येईल का?

हे जवान कुठे लढले?
त्या युद्धात मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. टायग्रिस नदीकाठच्या कुत शहराला वेढा पडला, तेव्हा आत मराठा पलटणीही होत्या. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळ्या फौजेला शरण जावं लागलं.

शिळेवर १९१९ का?
अनेक गावांतल्या शिळांवर '१९१४-१९१९' असं कोरलेलं असतं. मुलं विचारतात, युद्ध तर १९१८ ला संपलं ना? लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली, पण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला. म्हणून १९१९.

नावं का नाहीत?
या शिळांवर बहुधा फक्त आकडे असतात: गावातून किती गेले, किती परतले नाहीत. इराकमधल्या बसरा इथल्या मोठ्या स्मारकावरही इंग्रज सैनिकांची नावं कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणीनुसार फक्त संख्या दिली. हा भेदभाव झाल्याचं मान्य करून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणजे आमच्या वर्गातला प्रश्न अगदी योग्य होता!

आपण काय करू शकतो?
• तुमच्या गावात, चावडीजवळ किंवा देवळाजवळ अशी शिळा आहे का, मुलांना शोधायला लावा.
• घरातल्या आजी-आजोबांना विचारून नावं वहीत लिहून घ्या.
• त्या कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही सापडतं.

मुलांना एवढं जरूर सांगा, की युद्ध परक्या सरकारचं होतं, पण गेलेली माणसं आपली होती. शिळेवर आकडा असला तरी वहीत नाव लिहिता येतं. एक जरी नाव सापडलं, तरी तो धडा झाला असं मी समजेन.