पेशीचे दोन पहारेकरी

मानवी पेशीच्या विभाजनावर दोन प्रथिनांचा अंकुश असतो. ‘आरबी’ योग्य संकेत मिळेपर्यंत विभाजन रोखून धरते. जनुकांत बिघाड आढळल्यास ‘पी५३’ ते थांबविते वा पेशीचा अंत घडविते. एचपीव्ही विषाणूच्या घातक प्रकारांतील ‘ई७’ हे प्रथिन आरबीला निष्प्रभ करते, तर ‘ई६’ पी५३चा नाश घडविते. बहुतेक संसर्ग आपोआप नाहीसे होतात. मात्र वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून गर्भाशयमुखाचा कर्करोग उद्भवू शकतो. हा दीर्घ अवधीच बचावाची संधी होय. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणी व वेळीच उपचार यांमुळे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिशी ओलांडलेल्या भगिनींनी वैद्यकीय सल्ल्याने ही तपासणी अवश्य करून घ्यावी.