माळ्यावरचा चोर

मुलांनो, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. पण गुप्तहेरगिरी पोलादपूरलाही करता येते बरं का! आमच्याच घरची गंमत ऐका. रात्री माळ्यावर धडधड, सकाळी केळ्यांचा घड निम्मा फस्त! आजी म्हणाली, "भूतच ते!" काकांनी बोक्यावर आळ घेतला आणि काठी घेऊन पहाऱ्याला बसले... ते घोरतच पडले! आत्या तर विषच घालणार होती. तेवढ्यात धाकट्या पुतणीला पुरावा सापडला. माळ्यावरच्या लेंड्यांत फळांच्या अख्ख्या बिया! बोका कुठला फळं खायला? चोर होता कांडेचोर, म्हणजेच उदमांजर. हा निशाचर प्राणी उंदीर मारतो, फळं खातो आणि बिया रानभर पेरतो. विष टळलं, बोकाही सुटला! तेव्हा लक्षात ठेवा, आधी पुरावा, मग शिक्षा!