विश्लेषण : आठ जणांची गाडी, एक वाटाड्या... नॉर्वेतील फियॉर्ड-सहलींचा नमुना नांदेड-लातुरात चालेल का?

नॉर्वेतील ट्रोम्सो हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर सुमारे ३५० किलोमीटरवर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड पडतो आणि पुन्हा अंधार. तरीही याच दिवसांत तिथली हॉटेले भरलेली असतात आणि रोज छोट्या गाड्या आठ-दहा पर्यटकांना घेऊन समुद्राच्या फाट्यांकडे निघतात. बर्फ आणि अंधार एवढाच माल असलेल्या गावाने त्यावर रोजगार उभा केला. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत किल्ले, लेणी, चालुक्यकालीन मंदिरे आणि एक मोठा धबधबा आहे. मात्र नांदेड स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाने ‘उद्या पहाटे होट्टलला जाणारी, माहितगार माणूस सोबत असलेली गाडी आहे का’ असे विचारले, तर उत्तर सहज मिळत नाही.

फियॉर्ड-सहल म्हणजे नेमके काय?

फियॉर्ड म्हणजे हिमनदीने हजारो वर्षे खरवडून केलेली खोल दरी. हिमनदी मागे हटल्यावर त्यात समुद्र शिरतो. दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर आणि मध्ये संथ पाणी. ट्रोम्सोच्या पश्चिमेला क्वालोया नावाचे मोठे बेट आहे. एर्सफियॉर्ड, ग्रोटफियॉर्ड ही पाण्याची टोके त्याच बेटावर आहेत, तर त्यापलीकडे सोमारोयचा पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. शहरातून सकाळी निघालेली मिनीबस या जागा पाच-सहा तासांत फिरवून आणते.

गाडी चालवणारा किंवा त्याच्या शेजारी बसलेला माणूस हाच वाटाड्या असतो. कुठे थांबायचे हे तो त्या दिवशीचे ढग आणि वारा पाहून ठरवतो. थंडीचे कपडे, बुटांना लावायचे खिळे आणि कॅमेऱ्याची तिकाटणी तो देतो, शेकोटी पेटवतो, गरम सूप पाजतो. कॅमेरा हाती असलेल्याला सेटिंग लावून देतो, तर फोनवाल्याला फोन कशावर टेकवायचा ते दाखवतो. यासाठी माणशी हजार क्रोनरच्या पुढे, म्हणजे आपल्याकडचे आठ-नऊ हजार रुपये सहज मोजावे लागतात. मोठ्या बसचे तिकीट स्वस्त पडते, पण ४५ जणांची बस बर्फाळ अरुंद रस्त्याच्या कडेला मनात आले म्हणून थांबू शकत नाही. छोट्या गटाची किंमत या थांबण्यासाठी आहे.

तिथे दुपारी, इथे पहाटे. असे का?

फोटोसाठी तिरपा उजेड लागतो. सूर्य क्षितिजाजवळ असला की सावल्या लांबतात, दगडाचा पोत उठून दिसतो, रंग उबदार होतो. ट्रोम्सोमध्ये फेब्रुवारीच्या मध्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून आठ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे अख्खा दिवस संध्याकाळच. सहल सकाळी नऊला निघाली तरी काही बिघडत नाही.

नांदेड १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या सर्वात लहान दिवशीही दुपारी सूर्य इथे ४७ अंशांवर असतो. उगवल्यापासून आठ अंश चढायला त्याला पाऊण तासही लागत नाही. मेच्या मध्यात तर तो थेट डोक्यावर येतो. अशा वेळी मंदिराच्या भिंतीवरील मूर्तीचे डोळे आणि ओठ वरच्या छज्जाच्या सावलीत बुडतात, अंगण मात्र पांढरेफटक दिसते. मराठवाड्यातल्या बहुतेक सहली नाश्ता करून, नऊ-दहाला निघून बाराच्या उन्हात ठिकाणी पोहोचतात. ‘तिथे काही विशेष नाही’ हा शेरा अनेकदा या वेळापत्रकाची देणगी असतो.

जानेवारीत नांदेडला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. होट्टल तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर. म्हणजे गाडी पहाटे पावणेपाचला हलली पाहिजे. फोटो-सहलीचा सगळा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा राहतो किंवा पडतो. पहाटे निघणारा चालक, सकाळी साडेआठला गावात तयार असलेले पिठले-भाकरी आणि त्या वेळी उघडे असलेले मंदिर, हे तिन्ही जमले पाहिजे.

इथे दाखवण्यासारखे काय आहे?

देगलूर तालुक्यातील होट्टल हे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, अकराव्या-बाराव्या शतकातले मंदिरांचे गाव. सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी हे त्याचे मुख्य आकर्षण. जिल्हा प्रशासनाच्या होट्टल महोत्सवामुळे गावाचे नाव पोहोचले, पण महोत्सव वर्षातून एकदा आणि मंदिर वर्षभर. या मूर्ती समजून घ्यायच्या तर सोबत वाचलेला माणूस हवा. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी मराठवाड्यातील मंदिरांवर आयुष्यभर काम केले. त्यांची पुस्तके चाळलेला स्थानिक तरुण दहा मिनिटांत जे दाखवील, ते माहितीफलक दाखवू शकत नाही.

कंधार नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवर. हा भुईकोट, सभोवती पाण्याचा खंदक. गावाचे वैभव राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे दहाव्या शतकाशी जोडले जाते. तटबंदी, बुरूज, नंतरच्या काळातील फारसी लेख आणि जवळच जगत्तुंग सागर हा जुना तलाव. फियॉर्डच्या फोटोत जी गंमत असते, उभी भिंत आणि खाली तिचे प्रतिबिंब, ती मराठवाड्यात बघायची तर वारा पडलेल्या सकाळी कंधारच्या खंदकाकाठी उभे राहावे. इथेच एका महाकाय क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष सापडले आहेत. एकेका तुकड्याशेजारी माणूस उभा केल्याशिवाय मूर्तीचा आकार फोटोत कळतच नाही, ही वाटाड्याने सांगायची गोष्ट.

लातूरकडून निघणाऱ्यांसाठी खरोसा जवळचे. औसा तालुक्यातील ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत, काळ साधारण सहावे-सातवे शतक. अजिंठा-वेरूळचा बेसाल्ट कठीण असतो. जांभा सच्छिद्र असल्याने वाऱ्या-पावसाने झिजतो. त्यामुळे खरोशाच्या शिल्पांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या आहेत. समोरून फ्लॅश मारला तर भिंत सपाट दिसते. बाजूने येणाऱ्या उजेडात हात, पाय, मुकुट हळूहळू ओळखू येतात. ही झीज चालूच राहणार आहे. आज नीट काढून ठेवलेल्या फोटोंना म्हणूनच सहलीच्या आठवणीपलीकडे कागदपत्रांचे मोल आहे.

याशिवाय औशाचा भुईकोट, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर आणि उदगीरचा किल्ला आहे. उदगीरला ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. पुढच्या वर्षी पानिपत झाले. किल्ल्यात उभे राहून हा क्रम सांगितला की मुलेसुद्धा फोन खिशात ठेवतात.

सहस्रकुंडचे काय?

किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळते. एका काठावर नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. नांदेडहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, शिवाय आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. जुलै ते सप्टेंबर हा खरा हंगाम. उन्हाळ्यात धार आटते आणि उघडे पडलेले खडक दिसतात. तेही रूप बघण्यासारखे असते, पण धबधबा बघायला आलेला माणूस हिरमुसतो. आधी सांगितले तर हिरमुसत नाही.

इथे प्रश्न जिवाचा आहे. वरच्या अंगाला पैनगंगेवर इसापूर धरण आहे. त्यातून विसर्ग झाला की इथे पाऊस नसतानाही पाणी वाढते. पावसाळ्यात खडकांवर शेवाळ धरते आणि चांगला फोटो नेमका काठावरूनच मिळेल असे प्रत्येकाला वाटते. आर्क्टिकमधल्या वाटाड्याचे पहिले काम ‘आज नाही’ म्हणण्याचे असते. हिमकडा कोसळण्याची शक्यता असेल तर तो रस्ता बदलतो, वादळ असेल तर सहल रद्द करून पैसे परत देतो. सहस्रकुंडला नेणाऱ्याने निघण्यापूर्वी धरणाच्या विसर्गाची सूचना तपासली पाहिजे आणि गटाला कुठल्या दगडापलीकडे जाऊ द्यायचे नाही हे गाडीतच सांगितले पाहिजे. आठ जणांवर एका माणसाची नजर राहते. पन्नास जणांवर राहत नाही.

हिशेब जमतो का?

समजा, नांदेडहून होट्टलला जाऊन परत येण्यासाठी गाडी, डिझेल आणि चालक मिळून ६ हजार रुपये, वाटाड्याचे मानधन २ हजार, गावात नाश्ता-जेवण माणशी ३०० आणि किरकोळ खर्च ६०० धरला. आठ जण असतील तर एकूण ११ हजार, म्हणजे माणशी १,३७५ रुपये. चारच जण आले तर तोच आकडा २,४५० वर जातो. नफा अजून धरलेलाच नाही. म्हणजे किमान सहा-सात जागा भरल्याशिवाय गाडी हलवणे परवडत नाही आणि आगाऊ पैसे घेतल्याशिवाय जागा भरत नाहीत.

गिऱ्हाईक मात्र दारात आहे. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून भाविक नांदेडला येतात, अमृतसरहून थेट गाडी आहे आणि अनेकांचा मुक्काम दोन-तीन दिवसांचा असतो. लातूरला शिकवणी वर्गांमुळे बाहेरगावचे पालक वर्षभर ये-जा करतात. रविवारी मुलाला भेटायला आलेल्या बापाला खोलीवर बसून करमत नाही, हे लातूरकरांना सांगायला नको. अर्ध्या दिवसाची, ठरलेल्या वेळेची आणि ठरलेल्या पैशांची सहल या दोघांनाही सोयीची.

गावातल्या जेवणाचे आणि मुक्कामाचे काम बहुधा महिलांकडे जाईल. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ या महिला-केंद्रित पर्यटन धोरणात पर्यटन व्यवसायासाठी महिलांनी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. वाटाड्या होऊ पाहणाऱ्यांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. कागदाने चांगला वाटाड्या घडत नाही, पण ओळखपत्र गळ्यात असले की अनोळखी कुटुंब गाडीत बसायला तयार होते.

नियम कोणते पाळावे लागतील?

पहिला नियम गाडीचा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या पाटीची, परवाना असलेली गाडीच हवी. नॉर्वेतही पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी परवाना लागतो.

फोटोबाबत २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आपल्या अखत्यारीतील बहुतेक स्मारकांच्या आवारात फोटो काढण्यावरची बंदी उठवली. अजिंठ्याची चित्रे, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील कबरींचा भाग एवढे अपवाद ठेवले. ही सवलत केंद्राच्या स्मारकांची आहे. राज्य पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत तिकाटणी किंवा व्यावसायिक चित्रीकरणासाठी संबंधित कार्यालयाला आधी विचारलेले बरे. पूजा चालू असलेल्या गाभाऱ्यात पुजाऱ्याचा शब्द अंतिम. ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’वरील नकाशा बघावा, विमानतळाभोवती पाच किलोमीटर मनाई आहे.

आणि माणसांचे फोटो. शेतात काम करणाऱ्या बाईला न विचारता कॅमेरा रोखणे हे सहलीचे तिकीट काढले म्हणून योग्य ठरत नाही. गावाला दुसऱ्यांदा जायचे असेल तर हा नियम सगळ्यात महत्त्वाचा.

फक्त फोन असेल तर?

फोन पुरतो. खरोशासारख्या अंधाऱ्या लेण्यात फ्लॅश बंद करावा, नाइट मोड लावावा आणि फोन दगडावर किंवा बॅगेवर टेकवून तीन सेकंदांचा टायमर द्यावा, म्हणजे बोट लागून हलत नाही. सोबत्याला टॉर्च घेऊन शिल्पाच्या एका बाजूला उभे करावे. समोरून उजेड टाकू नये. मंदिराच्या भिंतीसाठी ०.५ ची रुंद लेन्स टाळावी, तिने खांब वाकडे दिसतात. थोडे मागे सरकून १ किंवा २ वर काढावा. सहस्रकुंडला पाण्याची धार दुधासारखी हवी असेल तर ढगाळ सकाळ निवडावी आणि फोनमधला लाँग एक्स्पोजर वापरावा. तुषारांनी लेन्स ओली होते, तेव्हा सुती रुमाल खिशात हवा. कंधारला खंदकाकाठी फोन पाण्याच्या पातळीपर्यंत खाली नेला की प्रतिबिंब पूर्ण मिळते. हंगामाचे म्हणाल तर मंदिरे आणि किल्ल्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, धबधब्यासाठी ऑगस्ट. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल तर सकाळी नऊच्या आत परतीच्या रस्त्याला लागावे.