एच्. आय्. व्ही. आणि विषाणुजन्य कर्करोग

कर्करोग हा सांसर्गिक रोग नव्हे, असें आमच्या वाचकांनीं पुष्कळदां ऐकलें असेल, व तें खरेंही आहे. रोग्याच्या शेजारीं बसल्यानें तो कोणास जडत नाहीं. परंतु कांहीं कर्करोगांचें मूळ विषाणूंत असतें, आणि विषाणु मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे एच्. आय्. व्ही.ची बाधा झालेल्या मनुष्यास ठराविक कर्करोगच अधिक कां होतात, हें समजणें सोपें जाईल.

सन १९८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील सरकारी आरोग्यपत्रिकेंत एक विलक्षण वृत्त प्रसिद्ध झालें. न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथील २६ पुरुषांस कापोसीचा सार्कोमा झाल्याचें आढळलें होतें. अंगावर जांभळट चट्टे उठणें ही त्याची खूण. त्यांपैकीं ८ दगावलेही होते. व्हिएन्ना येथील डॉक्टर मोरित्स कापोसी यांनीं हा रोग १८७२ सालींच वर्णिला होता. परंतु युरोपांत तो बहुधा वृद्धांस होई व सावकाश वाढे. येथें तर तरुण माणसें बळी पडत होतीं. पुढें १९९४ सालीं युआन चँग व पॅट्रिक मूर या दांपत्यानें त्या चट्ट्यांत एक नवीन विषाणु शोधून काढला. आपल्याकडे ज्यास नागीण म्हणतात ती ज्या कुळांतील विषाणूमुळें होते, त्याच कुळांतला हाही.

हा विषाणु धडधाकट मनुष्याच्या शरीरांत जन्मभर निपचित पडून राहूं शकतो, कारण रक्तांतील रक्षक पेशी त्यास डोकें वर काढूं देत नाहींत. एप्स्टीन-बार नांवाचा विषाणु तर जगांतील बहुतेक प्रौढांच्या अंगीं असतो. तोच कांहीं लसिकाग्रंथींच्या कर्करोगांच्या मुळाशीं आहे. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग पॅपिलोमा विषाणूमुळें होतो. एच्. आय्. व्ही. नेमका रक्षक पेशींचाच नाश करतो. म्हणजे चोर बहुधा घरांत आधींपासूनच असतो. पहारेकरी तेवढा नाहींसा होतो.

यावरूनच उपचाराची दिशा ठरते. पहिलें औषध एच्. आय्. व्ही.वरचें. सन १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली. महाराष्ट्रांत सरकारनें तीं १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास आरंभ केला. हीं औषधें नित्य घेतलीं कीं विषाणूची वाढ खुंटते व रक्षक पेशी पुन्हां वाढूं लागतात. कापोसीचा रोग थोडा असेल, तर पुष्कळांचे चट्टे एवढ्यानेंच कांहीं महिन्यांत फिके पडतात. कर्करोगाचें एकही औषध न देतां कर्करोग मागें हटावा, हें आम्हांस मोठें नवल वाटतें. रोग फुप्फुसांत वा आंतड्यांत शिरला असल्यास मात्र पॅक्लिटॅक्सेल किंवा डॉक्सोरुबिसिन यांसारखीं जालीम औषधें शिरेवाटे द्यावीं लागतात. क्वचित् प्रारंभीं चट्टे वाढतातही. रक्षक जागे झाल्याची ती खूण असूं शकते. तेव्हां घाबरून औषध सोडूं नये, डॉक्टरांस तत्काळ दाखवावें. आणि आपल्या मतानें स्टेरॉइड तर घेऊंच नये, कारण त्यानें हा रोग बळावतो.

लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत पूर्वीं रोग्यास सोसणार नाहीं म्हणून औषध कमी प्रमाणांत देत. आज विषाणु काबूंत असल्यास बहुधा इतरांइतकेंच पुरें देतात, तेंही रोग बरा करण्याच्या हेतूनें. परंतु येथें एक मेख आहे. एच्. आय्. व्ही.च्या कांहीं उपचारांत रिटोनॅव्हिर हें साहाय्यक औषध असतें. तें यकृताचें काम मंद करतें, त्यामुळें व्हिन्क्रिस्टीनसारखें कर्करोगाचें औषध अंगांत सांचून मज्जातंतूंस इजा करतें. डोलुटेग्राव्हिरनें हा घोंटाळा सहसा होत नाहीं. डॉक्टरांस दोन्ही रोग ठाऊक असले तर ते आधींच औषध बदलतात. रोग्यानें लाजेनें एक लपविला, तर बदलणार कसें? आणि ती लाज त्यास कोणी लावली, याचा विचार शेजाऱ्यांनीं व नातलगांनींच करावयास हवा. एच्. आय्. व्ही.मुळें उपचार नाकारण्यास सन २०१७ च्या कायद्यानें मनाई आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका बाधित स्त्रीस इतर स्त्रियांच्या सुमारें सहापट असतो. पण तो होण्यास वर्षें लागत असल्यामुळें आधीं गांठतां येतो. धाराशिव, म्हणजे तेव्हांचा उस्मानाबाद जिल्हा, येथें १,३१,००० हून अधिक स्त्रियांना सामावून घेणारी एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. एकदांच पॅपिलोमा विषाणूची चांचणी केलेल्या गटांत ह्या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ निम्मे झाले. त्या सर्वसाधारण खेड्यांतील स्त्रिया होत्या. एच्. आय्. व्ही.बाधित स्त्रीस एकदां पुरत नाहीं. २५ व्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनीं चांचणी करावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. चांचणीची सोय नसेल तेथें सौम्य शिरक्याचा बोळा लावतात. बिघडलेला भाग मिनिटभरांत पांढरा दिसतो, व योग्य असेल तर तो तेथल्या तेथें गोठवून नष्ट करतात. पॅपिलोमाची लस ९ ते १४ वर्षांच्या निरोगी मुलींस एक वा दोन वेळां दिली तरी चालते. बाधित मुलीस ती शक्यतों तीन वेळां द्यावी.