विश्लेषण : ऐन लग्नसराईत व्हिडीओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर वारंवार बंद का पडते?

नांदेडहून देगलूर-बिलोलीकडे जाताना लागणाऱ्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओचे वर्षाचे गणित लग्नसराईवर अवलंबून असते. शूटिंग दोन दिवसांत उरकते. हळद, अक्षता, पंगत आणि वरात जोडून व्हिडीओ तयार करायला मात्र पुढचे कित्येक दिवस जातात. लग्नघराकडून राहिलेले पैसे बहुधा व्हिडीओ हातात पडल्यावरच मिळतात. नेमके तेव्हाच सॉफ्टवेअर आपोआप बंद पडू लागले, की ‘विंडोज फॉरमॅट मारा’ किंवा ‘नवे ग्राफिक कार्ड घ्या’ असे सल्ले सुरू होतात. अनेकदा या दोन्हींची गरज नसते. सॉफ्टवेअर कोणत्या क्षणी बंद पडते हे नीट पाहिले, तर बिघाडाची जागा सापडते.

बंद पडणे म्हणजे नेमके काय?

तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘बंद पडले’ म्हटले जाते. पहिल्या प्रकारात फक्त एडिटिंगचे सॉफ्टवेअर बंद होते आणि बाकी संगणक चालू राहतो. अशा वेळी संशय सदोष क्लिप, इफेक्ट, प्लगइन किंवा ग्राफिक ड्रायव्हरवर घ्यावा. दुसऱ्या प्रकारात पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. ग्राफिक कार्डाने ठरावीक वेळेत उत्तर दिले नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही मुदत मुळात फक्त २ सेकंदांची असते. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण संगणकच बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. तिथे उष्णता, वीजपुरवठा, रॅम किंवा प्रोसेसर तपासावा लागतो. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून हा तिसरा प्रकार सहसा सुटत नाही.

दुरुस्तीआधी काय वाचवावे?

अक्षता पुन्हा टाकता येत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्यातले मूळ फुटेज सर्वांत मौल्यवान. एडिटिंग बिघडले तर दुसऱ्यांदा करता येते, फुटेज गेले तर काहीच उरत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मूळ फुटेजची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. त्याआधी मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये.

यासाठी जागा किती लागते? १०० एमबीपीएस वेगाने रेकॉर्ड होणारा फोर-के व्हिडीओ तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेतो. दोन कॅमेऱ्यांवर सहा-सहा तास शूटिंग झाले तर ५४० जीबी होतात. म्हणजे एक टीबीची डिस्क दोन लग्नांतही भरते.

प्रोजेक्टची फाइल त्या मानाने लहान असते. दर पाच मिनिटांनी ऑटोसेव्ह लावावे. दिवसाच्या सुरुवातीला ‘सेव्ह ॲज’ करून तारखेसह नवे नाव द्यावे आणि प्रत पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन ठेवावी. प्रोजेक्टची फाइल खराब झाली तर ऑटोसेव्हच्या फोल्डरमधील आदल्या प्रतीवरून काम पुढे नेता येते.

बिघाड शोधायचा कसा?

एका वेळी एकच बदल करावा. ड्रायव्हर, सॉफ्टवेअर आणि रॅम एकाच दिवशी बदलले, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच सगळे करावे लागते.

आधी नवे, रिकामे प्रोजेक्ट उघडून त्यात साधी क्लिप टाकावी. ते व्यवस्थित चालले तर सॉफ्टवेअर ठीक आहे आणि दोष जुन्या प्रोजेक्टमध्ये आहे. मग टाइमलाइनचा अर्धा भाग एक्स्पोर्ट करून पाहावा. ज्या अर्ध्या भागात सॉफ्टवेअर बंद पडते त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. असे पाच-सहा वेळा केले, की तासाभराच्या व्हिडीओतली नेमकी क्लिप किंवा इफेक्ट हाती लागतो. दरवेळी एक्स्पोर्ट एकाच सेकंदाला अडकत असेल तर दोष बहुधा तिथल्या क्लिपचा, इफेक्टचा किंवा फॉन्टचा असतो. दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर यंत्र तपासावे.

विंडोजमध्ये याची नोंदही राहते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, की दिवसवार आलेख दिसतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल खूण असते. तिच्या तपशिलात ‘फॉल्ट मॉड्यूल’ या ओळीत एका फाइलचे नाव असते. त्याची सुरुवात ‘एनव्ही’ या अक्षरांनी होत असेल तर एनव्हीडियाच्या ड्रायव्हरकडे पाहावे. प्लगइनचे नाव असेल तर ते प्लगइन काढून पाहावे.

एक्स्पोर्ट ४ जीबीच्या जवळ पोहोचल्यावरच थांबत असेल तर फाइल कुठे लिहिली जात आहे ते पाहावे. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. एक्स्पोर्ट आधी संगणकातील डिस्कवर करावा आणि पेनड्राइव्ह एक्स-फॅट पद्धतीचा ठेवावा.

नव्या कॅमेऱ्याचे फुटेज जड का जाते?

एच.२६४ हे तंत्र २००३ मध्ये आले, एच.२६५ हे २०१३ मध्ये. दोन्हींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्यांत आधीच्या फ्रेमपासून काय बदलले तेवढेच नोंदवलेले असते. त्यामुळे फाइल लहान होते, पण एडिटिंग करताना मधली एक फ्रेम दाखवायलाही आजूबाजूच्या कित्येक फ्रेम उलगडाव्या लागतात. एच.२६५ मध्ये हे काम आणखी जड होते.

काही नवे कॅमेरे ‘१० बिट ४:२:२’ प्रकारात एच.२६५ रेकॉर्ड करतात. हे फुटेज सहज उलगडणारी सोय इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिकमध्ये आहे. एनव्हीडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यात अंगभूत ग्राफिक नसते. थोडी बचत म्हणून ‘एफ’ प्रोसेसर आणि सोबत जुने ग्राफिक कार्ड घेतले असेल, तर महागडा संगणकही अशा फुटेजपुढे गुडघे टेकतो.

यावर ‘प्रॉक्सी’ हा बिनखर्चाचा उपाय आहे. सॉफ्टवेअर मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवते, काम त्यांवर होते आणि अंतिम एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरूनच होतो. प्रीमिअर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह या दोन्हींत ही सोय आहे.

पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिपची गोष्ट वेगळी. मोबाइल अनेकदा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत रेकॉर्डिंग करतो. त्यामुळे आवाज आणि ओठ जुळत नाहीत, कधी सॉफ्टवेअरही अडखळते. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून अशी क्लिप स्थिर फ्रेमरेटची करून घ्यावी आणि मगच टाइमलाइनवर आणावी.

ग्राफिक कार्डाची मेमरी कशी संपते?

फोर-के व्हिडीओच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू असतात. साध्या ८ बिट प्रक्रियेत ती फ्रेम मेमरीत सुमारे ३३ एमबी जागा घेते आणि ३२ बिट अचूकतेने काम केल्यास १३३ एमबी. वर टायटल, ओव्हरले आणि फुलांचा वर्षाव असे थर चढले, की प्रत्येकाला वेगळी जागा लागते. ‘नॉइज’ काढणारे इफेक्ट शेजारच्या फ्रेमही सोबत धरून ठेवतात. २ किंवा ४ जीबी मेमरीचे कार्ड तिथे कमी पडते.

हाच दोष आहे का ते तपासायला प्रीमिअर प्रोमध्ये रेंडरिंग ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ करून पाहावे. काम हळू चालेल, पण बंद पडणे थांबले तर दोष ग्राफिक कार्डाकडे आहे. एनव्हीडियाचे कार्ड असेल तर गेमसाठीच्या ड्रायव्हरऐवजी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर टाकावा. तो अशाच कामासाठी तपासलेला असतो. नवा ड्रायव्हर टाकल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर आधीचा परत टाकावा.

ऊन, धूळ आणि विजेचा काय संबंध?

मराठवाड्यात लग्नांची गर्दी एप्रिल-मेमध्ये असते आणि तेव्हाच नांदेड जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या दुकानात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर सतत शंभर टक्के ताणावर चालतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरची तापमान मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठल्यावर प्रोसेसर वेग कमी करतो आणि तरीही तापला तर संगणक बंद होतो. सुरुवातीला सुरळीत चालणारा एक्स्पोर्ट अर्ध्या तासाने अडकत असेल आणि रात्री तोच पार पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा.

संगणक बंद करून, प्लग काढून ब्लोअरने धूळ उडवावी. हवा मारताना पंखे बोटाने धरून ठेवावेत, नाहीतर ते वेगाने फिरून खराब होऊ शकतात. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर जाणकाराकडून नवी लावून घ्यावी.

विजेचा दोष ओळखणे त्याहून सोपे आहे. लाइट जाता-येता किंवा एक्स्पोर्ट जोरात असताना संगणक एकदम रीस्टार्ट होतो. बाजारातला ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. ग्राफिक कार्ड असलेला संगणक आणि मॉनिटर एक्स्पोर्टच्या वेळी याहून जास्त वीज ओढू शकतात. मग लाइट गेल्या क्षणी यूपीएसही मान टाकतो. यूपीएस भाराप्रमाणे घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटमधला स्वस्तातला एसएमपीएस हाही नेहमीचा संशयित.

प्रोसेसरच सदोष असेल तर?

तसेही घडले आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर सॉफ्टवेअर विनाकारण बंद पडत होते. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, मदरबोर्डच्या बायोससाठी सुधारणा दिली आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही सुधारणा पुढचे नुकसान टाळते, झालेले भरून काढत नाही. असा प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत करावे, बिल जपून ठेवावे आणि त्रास सुरूच राहिला तर वॉरंटीत बदलून मागावा.

कॅश साफ करताना कोणती काळजी?

एडिटिंग सॉफ्टवेअर तात्पुरत्या फाइलींचा साठा करत राहते. तो खराब झाला किंवा सी ड्राइव्ह भरला, तरी सॉफ्टवेअर बंद पडते. म्हणून कॅश साफ करण्याचा सल्ला योग्यच आहे, पण त्यालाही एक अट आहे. मूळ फुटेज ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथे कॅशची जागा कधीही ठरवू नये. अमेरिकेतील एका व्हिडीओग्राफरने २०१८ मध्ये ॲडोबीविरुद्ध दावा दाखल केला. प्रीमिअर प्रोच्या २०१७ च्या एका आवृत्तीत कॅश साफ करताना आपल्या मूळ क्लिपही पुसल्या गेल्या आणि सुमारे अडीच लाख डॉलरचे नुकसान झाले, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या आवृत्तीत ही पद्धत बदलण्यात आली. कॅशसाठी वेगळे फोल्डर आणि शक्यतो वेगळी एसएसडी ठेवावी.

क्रॅक प्रतीचे काय?

क्रॅक करताना सॉफ्टवेअरच्या मूळ फाइली बदललेल्या असतात, अपडेट बंद असते आणि सोबत काय आले ते कळत नाही. अशा प्रतीतला बिघाड शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे. ज्यांना मासिक वर्गणी परवडत नाही, त्यांच्यासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती हा वैध पर्याय आहे. तिला चांगले ग्राफिक कार्ड लागते, हे मात्र लक्षात ठेवावे.

मोबाइलवर एडिटिंग करणाऱ्यांनी काय करावे?

रील बनवणाऱ्यांचा स्टुडिओ म्हणजे हातातला फोन. तिथे ॲप बंद पडण्याची नेहमीची कारणे तीन : भरलेले स्टोरेज, अपुरी रॅम आणि तापलेला फोन. काही जीबी जागा मोकळी ठेवावी, बाकी ॲप बंद करावीत आणि चार्जिंगला लावून एक्स्पोर्ट करणे टाळावे. फोर-के जमत नसेल तर १०८० मध्ये एक्स्पोर्ट करावा. ‘मॉड’ केलेली ॲप टाकू नयेत.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही दोन बटणे शेजारी-शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरत्या फाइली जातात. दुसऱ्याने ॲपमध्ये जपलेली सगळी प्रोजेक्ट जाऊ शकतात. ॲप काढून पुन्हा टाकल्यानेही तेच होते. म्हणून अर्धवट व्हिडीओ आधी गॅलरीत एक्स्पोर्ट करून ठेवावा आणि मगच दुरुस्तीला लागावे.

दुरुस्तीवाल्याकडे कधी जावे?

रिकाम्या प्रोजेक्टमध्येही सॉफ्टवेअर बंद पडत असेल, दुसरी सॉफ्टवेअरही अडत असतील किंवा विंडोजच्या मेमरी चाचणीत चूक दिसली, तर वेळ न घालवता जाणकाराकडे जावे. जाताना सॉफ्टवेअर कधी, काय करताना आणि किती वेळाने बंद पडले याची चार ओळींची नोंद न्यावी आणि फुटेजची डिस्क घरी ठेवावी. ‘फॉरमॅट मारू का?’ या प्रश्नाला होकार देण्यापूर्वी लग्नाचे फुटेज दुसऱ्या डिस्कवर उघडते का, ते एकदा पाहून घ्यावे.