तुकडा काय सांगतो

बायोप्सीच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण फसलेल्या बायोप्सीचं आहे. १८८७ साली जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला तो बसलाच. स्वरयंत्रावर गाठ दिसत होती. बर्लिनच्या डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला आणि त्यांनी शस्त्रक्रियेचा दिवसही ठरवला. पण लंडनहून बोलावलेले घशाचे नामवंत तज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी अडून बसले: तुकडा तपासल्याशिवाय गळ्याला सुरी लावायची नाही. मे महिन्यात त्यांनीच घशात चिमटा घालून इवलासा तुकडा काढला आणि तो गेला थेट रुडॉल्फ विरचो यांच्याकडे. रोग पेशींमध्ये शोधायचा असतो, हे १८५८च्या ग्रंथात ठासून मांडणारा हा माणूस. त्या काळी याहून मोठा परीक्षक मिळणं कठीण. विरचोंना त्यात कर्करोग दिसला नाही, पुढच्या तुकड्यांतही दिसला नाही. शस्त्रक्रिया बारगळली, मॅकेन्झींना इंग्लंडात ‘सर’ किताब मिळाला. मार्च १८८८मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले तेव्हा त्यांच्या श्वासनलिकेत नळी होती आणि बोलणं चिठ्ठ्यांवर चालायचं. ९९ दिवसांत, १५ जूनला ते गेले. शवविच्छेदनात कर्करोगच निघाला. गादीवर दुसरा विल्हेल्म आला. पुढचं पहिल्या महायुद्धाचं महाभारत सर्वांना ठाऊक आहे.

विरचो चुकले, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. हाती आलेल्या तुकड्यावरून उरलेल्या गाठीबद्दल काही सांगता येणार नाही, असं त्यांनी अहवालातच बजावलं होतं. राजवाड्यात ते वाक्य ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा सारखाच शिजलेला असतो. गाठीचं तसं नसतं. एका कडेला नुसती सूज, मधोमध मेलेलं मांस आणि रोग भलत्याच कोपऱ्यात, असंही असतं. म्हणून तुकडा कुठून काढला, केवढा काढला आणि सोबतच्या चिठ्ठीवर काय लिहिलं, यावर अर्धं निदान अवलंबून असतं. हे आजही बदललेलं नाही.

तंत्र मात्र भराभर सुधारलं. १९०५मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप रंगवून, रुग्ण टेबलावर असतानाच काही मिनिटांत उत्तर द्यायची रीत बसवली. सर्जनची सोय झाली. त्यातूनच एक क्रूर प्रथाही रुजली. स्तनात गाठ असलेली बाई भूल घेऊन झोपायची. कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. आपल्याला काय झालं होतं, हे तिला जागी झाल्यावर छाती चाचपून कळायचं. सप्टेंबर १९७४मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशनही असंच, बायोप्सी आणि शस्त्रक्रिया एका दमात झालं. त्याच वर्षी पत्रकार रोझ कुशनर यांनी मात्र हट्ट धरला: आधी फक्त बायोप्सी, पुढचं मी ठरवीन. त्यांना सर्जन मिळता मिळेना. १९७९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने ही दोन टप्प्यांची रीत मान्य केली, तेव्हा त्या मंडळात कुशनरही होत्या.

मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. कर्करोगाचा माणसांच्या सवयी-चालीरीतींशी काय संबंध आहे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तंबाखू-मशेरीच्या या मुलखात तोंडातला न भरणारा चट्टा म्हणजे तुकडा काढायचाच, हे आता डेंटिस्टही सांगतो.

आपल्याकडचा खरा घोळ मानेतल्या गाठीचा. देश क्षयाचा, त्यामुळे गाठ दिसली की टीबीची औषधं सुरू. ती लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची निघाली तर मधले महिने वाया जातात. बारीक सुईने पेशी ओढून घ्यायची तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. मात्र लिम्फोमात पेशींची मांडणी पाहावी लागते आणि त्यासाठी शक्यतो अख्खी गाठच काढतात. दुसरी गफलत बाटलीची. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर कशाचं करणार? थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवा, हे ऑपरेशनच्या आधी सांगावं लागतं. साधी गोष्ट, पण हमखास राहून जाते.

‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती तर घरोघरी. तिच्यात तथ्याचा कण आहे: वृषणाच्या गाठीला सुई टोचत नाहीत, सबंध वृषणच काढतात; यकृताच्या कर्करोगात सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं क्वचित सापडतात. एवढ्यावरून तोंडाची किंवा स्तनाची बायोप्सी टाळणं म्हणजे रोगाला मोकळं रान देणं.

तपासणीनंतर उरलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात राहतो. त्याला लॅबमध्ये ब्लॉक म्हणतात. वर्षांमागून वर्षं तो टिकतो, आणि स्तनाच्या कर्करोगात हार्मोन किंवा हर-टू यांच्या चाचण्या त्याच ब्लॉकच्या नव्या कापांवर करता येतात. मुंबईला टाटात जाणाऱ्यांकडे स्लाइडबरोबर ब्लॉकही मागतात तो यासाठीच. गावाकडून नातेवाईक येतात ते मात्र फाइलभर रिपोर्ट घेऊन. मग कुणीतरी रात्रीच्या एसटीने परत जातं आणि तालुक्याच्या लॅबमधून सही करून ब्लॉक घेऊन येतं.